गच्चीवर वर्तुळ काढले म्हणून हेलिकॉप्टर उतरत नाही

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
नवीन रुग्णालय बांधकाम समिती, कोल्हापूर

विषय : नव्या रुग्णालयाचे हेलिपॅड आणि त्याची हवाई वाट पायाच्या टप्प्यावरच ठरवण्याबाबत खुले पत्र

महोदय,

नव्या रुग्णालयाचा जो नकाशा लोकांपुढे मांडला गेला, त्यात मुख्य इमारतीच्या गच्चीवर १२ मीटर व्यासाचे एक वर्तुळ आहे. वर्तुळात ‘एच’ आहे आणि शेजारी दोन शब्द आहेत : ‘भविष्यातील तरतूद’. आमची हरकत या दोन शब्दांना आहे. पार्किंगचे पत्रे, बाग, उपाहारगृह या गोष्टी मागाहून होतात. हेलिपॅड मागाहून होत नाही. स्लॅब पडला, लिफ्टचा खड्डा ठरला आणि समोर पाण्याची टाकी उभी राहिली की मग उरते ते फक्त रंगकाम.

आम्ही काही जण बांधकामात, काही जण भूल आणि अतिदक्षता विभागात, तर काही जण हवाई सेवेत काम केलेले कोल्हापूरकर आहोत. या रुग्णालयात उद्या आमच्याच घरची माणसे येणार आहेत, एवढाच आमचा यातला स्वार्थ.

हेलिपॅड म्हणजे चुन्याचे वर्तुळ असा समज का झाला, हे आम्हाला कळते. मंत्र्यांचा दौरा ठरला की मैदान झाडले जाते, रोलर फिरतो, टँकरने पाणी मारतात, चुन्याने वर्तुळ काढतात आणि दोन दिवसांत हेलिपॅड तयार होते. दिवसाउजेडी, चांगल्या हवेत, चालत उतरणाऱ्या पाहुण्यासाठी ते पुरते. रुग्णालयाच्या हेलिपॅडवर उतरणारा माणूस आडवा असतो. त्याच्या घशात नळी असते, छातीला मॉनिटरच्या तारा असतात, दोन सलाइन चालू असतात. हा फरक धरून नकाशा पुन्हा पाहावा.

आधी माप. हेलिपॅडचा सगळा हिशेब ‘डी’ या एका आकड्यावर चालतो. पाती फिरत असताना हेलिकॉप्टरची पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची जास्तीत जास्त लांबी म्हणजे ‘डी’. रुग्णवाहिका म्हणून जगभर वापरले जाणारे एअरबस एच१४५ घ्या. त्याच्या चक्रीचा, म्हणजे वर फिरणाऱ्या पात्यांच्या घेराचा, व्यास ११ मीटर आहे, पण ‘डी’ सुमारे १३.६ मीटर. म्हणजे आपल्या १२ मीटरच्या वर्तुळात चक्री मावेल आणि शेपूट बाहेर राहील. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे परिशिष्ट १४, खंड २ हेलिपॅडसाठीच आहे आणि डीजीसीएची, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नियमावली त्यावरच बेतलेली आहे. त्या हिशेबाने उतरण्याचा शेवटचा टप्पा आणि उड्डाण यांसाठी, ज्याला या धंद्यात ‘फॅटो’ म्हणतात, दीड ‘डी’ म्हणजे साधारण २०.५ मीटर जागा धरावी लागते. त्याभोवती सुरक्षापट्टा हवा : ३ मीटर किंवा पाव ‘डी’, यांतले जे जास्त असेल ते. इथे तो ३.४ मीटर येतो. दोन्ही मिळून बाजू सव्वासत्तावीस मीटरच्या पुढे जाते.

हे झाले लहान हेलिकॉप्टरचे. कोल्हापूरला मोठ्याचाही विचार करावा लागतो, आणि त्याचे कारण आपल्याला सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली. अशा वेळी येते ते हवाई दलाचे एमआय-१७. त्याची लांबी पाती धरून २५ मीटरवर आणि वजन १३ टनांपर्यंत. त्याच हिशेबाने त्याला साधारण ५१ बाय ५१ मीटरची मोकळी जागा लागते. गच्चीवर हे कधीच होणार नाही.

वजनाचेही तसेच. गच्चीचा स्लॅब उभ्या हेलिकॉप्टरच्या वजनावर काढून भागत नाही. एखादे इंजिन बंद पडून ते धाडकन बसले तर काय, हे धरावे लागते. त्यासाठी कमाल वजनाच्या अडीच पट भार घेतात आणि त्यावर स्लॅबच्या कंपनाचा १.३ हा गुणक. ३.८ टनांच्या हेलिकॉप्टरचे होतात १२ टनांहून जास्त, आणि तेही ज्यांवर ते टेकते त्या दोन स्किडच्या, म्हणजे खालच्या आडव्या दांड्यांच्या, अरुंद पट्ट्यांवर. हा भार कॉलमांतून पायापर्यंत उतरतो. ‘भविष्यात’ तो वाढवायचा म्हणजे खालच्या मजल्यांवर रुग्ण असताना कॉलमांना जॅकेटिंग करायचे, म्हणजे भोवती काँक्रीटचा जादा थर चढवायचा. ते कोण करणार आहे?

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट : आभाळातली वाट.

हेलिकॉप्टर सरळ खाली येते आणि सरळ वर जाते, असा लोकांचा समज आहे. तसे ते करू शकते, पण भरलेले असताना आणि खाली वस्ती असताना कुठलाही शहाणा वैमानिक ते टाळतो. ते तिरपे येते आणि तिरपे जाते. एक इंजिन गेले तरी सुखरूप निघता यावे म्हणून, दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरला दाट वस्तीत जी वाट राखायची, तिचा चढ साडेचार टक्के धरतात. म्हणजे पॅडच्या कडेपासून १०० मीटरवर साडेचार मीटरच्या वर काही नको. ३०० मीटरवर साडेतेरा मीटरच्या वर काही नको. १५ मीटरचे निलगिरीचे झाड ३३० मीटरच्या आत आले की वाट अडली. २५ मीटरची पाण्याची टाकी साडेपाचशे मीटरच्या आत चालत नाही. वाट पुढे रुंद होत जाते, आणि रात्रीसाठी दिवसापेक्षा जास्त.

अशा दोन वाटा लागतात आणि त्या एकमेकींपासून निदान १३५ अंशांनी फाकलेल्या हव्यात, कारण वारा पाठीमागून घेऊन उतरायचे नसते. कोल्हापूरचा वारा आपल्या अंगवळणी आहे. जून ते सप्टेंबर तो पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे त्या दिवसांत हेलिकॉप्टर पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरणार. हिवाळ्यात आणि वळवाच्या आधी गणित उलटे होऊ शकते. तेव्हा पूर्व आणि पश्चिम या दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. आपल्या नकाशात पूर्वेला वसतिगृहाची सहा मजली इमारत आहे आणि पश्चिमेला लिफ्टची मशिनरूम वर्तुळाला जवळपास चिकटून, गच्चीच्या पाच मीटर वर आलेली. खाली जागा आहे आणि वर वाट नाही, असे हे हेलिपॅड आहे.

यात उन्हाळ्याची भर घाला. आपले विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की हेलिकॉप्टरच्या दृष्टीने ते ५,००० फुटांवरून उडत असते. इंजिनाची ताकद आणि पात्यांची पकड दोन्ही घटतात. वैमानिक मग इंधन कमी घेतो किंवा एक माणूस खाली ठेवतो. अशा दुपारी वाट अडलेली असेल तर तो येतच नाही.

खाली येणारा वारा हा वेगळा विषय, आणि त्यावर आम्ही जरा थांबणार आहोत. पावणेचार टनांचे यंत्र ११ मीटरच्या चक्रीवर तोलायचे म्हणजे खाली ढकलली जाणारी हवा ताशी ९० किलोमीटरच्या आसपास पोचते. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथील डेरिफर्ड रुग्णालयात ४ मार्च २०२२ रोजी एक सिकोर्स्की एस-९२ हेलिकॉप्टर रुग्ण घेऊन उतरत होते. जमिनीवरच्या हेलिपॅडला लागूनच वाहनतळ होता. तिथून चालणारी माणसे त्या वाऱ्याने फेकली गेली. एक वृद्ध महिला मरण पावली. हेलिकॉप्टरला काहीही झाले नव्हते, वैमानिकाने नेहमीसारखेच उतरवले होते. एस-९२ आणि आपल्या पुरात येणारे एमआय-१७ यांचे वजन जवळपास सारखे.

आता आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाचे आवार डोळ्यांसमोर आणा. कंपाउंडच्या तारेवर नातेवाइकांनी धुऊन वाळत घातलेले टॉवेल आणि साड्या. झाडाखाली ताडपत्रीचा आडोसा, त्यात स्टोव्ह. चहाच्या टपरीचे सुटे पत्रे, त्यांवर वजनाला ठेवलेले दगड. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स, बांबूला सुतळीने बांधलेला. साखर कारखाने सुरू असले की कुठूनतरी उडत आलेले जळक्या पाचटाचे काळे तुकडे. यातली एक साडी शेपटीच्या पंख्यात गेली तरी पुढचे सांगायची गरज नाही. म्हणून पॅडच्या कडेपासून निदान ५० मीटर, मोठ्या हेलिकॉप्टरसाठी त्याहून जास्त, वाहनतळ, टपरी, प्रतीक्षालय, पायवाट काहीही नको. जिथे वाट ओलांडावीच लागते तिथे फाटक आणि फाटकावर माणूस.

गच्चीवरच्या वर्तुळाबद्दल अजून तीन गोष्टी. त्या लहान दिसतात, पण रोज आडव्या येतील.

नकाशातील लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंतच जाते, गच्चीपर्यंत १८ पायऱ्या आहेत. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण पायऱ्यांवरून चौघांनी उचलून आणायचा आहे काय? शिवाय ती लिफ्ट १५ प्रवाशांची, आतून एक मीटर रुंद. तीत स्ट्रेचर मावते, पण बाजूला उभे राहून अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबणारा डॉक्टर मावत नाही. २६ प्रवाशांची, आतून १.६ बाय २.४ मीटरची लिफ्ट हवी, आणि ती जनरेटरवर चालणारी हवी.

शस्त्रक्रियागृहांच्या वातानुकूलनाची ताजी हवा खेचणारी यंत्रे गच्चीवरच दाखवली आहेत. हेलिकॉप्टरचा धूर चक्रीच्या वाऱ्याने खाली दाबला जातो आणि थेट त्यांत शिरतो. भूल दिलेला रुग्ण टेबलावर असताना शस्त्रक्रियागृहात रॉकेलसारखा वास सुटेल.

आणि आग. १५ मीटरपर्यंतच्या हेलिकॉप्टरसाठी गच्चीवर मिनिटाला २५० लिटर फेस दहा मिनिटे मारता आला पाहिजे, म्हणजे २,५०० लिटर पाणी फक्त यासाठी राखीव. जमिनीवर बंब बाजूला उभा राहू शकतो, म्हणून तेच काम ५०० लिटरवर भागते. इंधन सांडले तर ते गच्चीच्या पावसाळी पाइपातून मजल्यामजल्यावरून खाली उतरेल. त्यासाठी वेगळी निचरा वाहिनी आणि इंधन-पाणी वेगळे करणारी टाकी लागते. नकाशात दोन्ही नाहीत.

या सगळ्यावरून आमचे मत स्पष्ट आहे : गच्ची सोडा, जमिनीवर या. आवारात जागा आहे. गच्चीवरची पॅड मुंबईसारख्या ठिकाणी नाइलाज म्हणून असतात. आपल्याला तो नाइलाज अजून नाही.

‘उजळाईवाडीचे विमानतळ जवळच आहे की, मग हे कशाला?’ हा प्रश्न बैठकीत येणार, आणि तो चुकीचाही नाही. हैदराबाद किंवा चेन्नईला रुग्ण न्यायचा असेल तर पंखांचे विमानच लागते आणि ते उजळाईवाडीहूनच उडेल. तिथपर्यंत रस्त्याची चांगली व्यवस्था हीच खरी गरज. पण हेलिकॉप्टरने आणलेला रुग्ण विमानतळावर उतरवून, रुग्णवाहिकेत घालून शहराच्या वाहतुकीतून आणायचा म्हणजे दोन जास्तीच्या अदलाबदली. भूलतज्ज्ञाला विचारा : नळी निसटते ती बहुधा प्रवासात नाही, तर एका गादीवरून दुसऱ्या गादीवर घेताना.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर लोकांना खोटी आशा लागेल. हेलिपॅड झाले म्हणून चंदगडचा अपघातग्रस्त वीस मिनिटांत कोल्हापुरात येणार नाही. चंदगड सरळ रेषेत ८५ किलोमीटरच्या आसपास, ताशी सव्वादोनशेच्या वेगाने तेवीस मिनिटे, हे खरे. पण हेलिकॉप्टर पुण्यात उभे असेल तर ते इथवर यायलाच पाऊण तासाहून जास्त घेईल. तोवर १०८ ची गाडी निम्म्या वाटेवर आलेली असते. जुलैत गगनबावड्याला आणि भुईबावड्याला ढग जमिनीला टेकलेले असतात, तिथे कुठलेच हेलिकॉप्टर जात नाही. अशा वेळी १०८ ने रुग्णाला ढगाखालून बाहेर, मोकळ्या मैदानापर्यंत आणायचे आणि तिथून उचलायचे, असा संकेत आधी ठरलेला असावा लागतो. ऋषिकेशच्या एम्समधून २९ ऑक्टोबर २०२४ पासून हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू झाली, कारण तिथे हेलिपॅड रुग्णालयाच्या आवारात आहे आणि हेलिकॉप्टरही तिथेच तैनात केले गेले. आपल्याला हेलिकॉप्टर आज मिळणार नाही, हे मान्य. पण ते उभे करायला पॅडशेजारी एक जास्तीची जागा आज राखली, तर उद्या मागायला तोंड राहील.

जमिनीवरच्या पॅडचा धोका वेगळा आहे, आणि तो बांधकामातला नाही. सहा महिने हेलिकॉप्टर आले नाही की तिथे आधी डॉक्टरांच्या गाड्या लागतात. मग एखाद्या कार्यक्रमाचा मांडव पडतो, मांडवाच्या खुंट्यांचे खड्डे राहतात. मग कोपऱ्यात खरमातीचा ढीग. संध्याकाळी वॉर्डबॉय क्रिकेट खेळतात, ते त्यातल्या त्यात बरे, निदान कुत्री हाकलली जातात. पावसाळ्यात वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फाटतो आणि दिवाळीपर्यंत कोणी बदलत नाही. म्हणून पॅडला कुलूप, किल्लीला तिन्ही पाळ्यांत नाव असलेला माणूस, आणि आठवड्याला एकदा झाडून-तपासून सही करायची वही. यावर खर्च जवळपास नाही, पण आदेशात लिहिल्याशिवाय हे होत नाही.

आमच्या मागण्या अशा :

१. गच्चीवरील वर्तुळ रद्द करून आवाराच्या पूर्वेकडील मोकळ्या भागात ५१ बाय ५१ मीटर जागा जमिनीवरील हेलिपॅडसाठी राखावी. मधला टेकण्याचा भाग झाडू-फिनिशच्या (वरून झाडू फिरवून खरखरीत केलेल्या) आरसीसीचा, १३ टनांसाठी काढलेला, उतार दोन टक्क्यांच्या आत, पाणी आणि इंधन रुग्णालयाच्या उलट बाजूला वाहील असा.

२. पॅडपासून अपघात विभागापर्यंतचा स्ट्रेचरमार्ग सलग काँक्रीटचा आणि, ५० मीटरच्या बाहेर, छताखालचा असावा. पेव्हर ब्लॉक कृपया नकोत. मणका मोडलेल्या रुग्णाला त्यांचा प्रत्येक सांधा कळतो.

३. पूर्व-पश्चिम दोन्ही हवाई वाटांचे सर्वेक्षण डीजीसीएच्या नियमांप्रमाणे करून घ्यावे. वसतिगृहाची जागा किंवा मजले त्यानुसार बदलावेत. या वाटा महापालिका आणि कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण यांच्याकडे लेखी नोंदवाव्यात, म्हणजे उद्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम परवाना किंवा मोबाइल टॉवर मंजूर करताना त्या पाहिल्या जातील. ही मागणी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. बाकीचे उशिरा केले तर खर्च वाढतो. हे उशिरा केले तर पॅडच बाद होते.

४. रुग्णालयाकडे येणारी ११ केव्हीची लाइन आवारात भूमिगत असावी. द्रवरूप ऑक्सिजनची टाकी आणि जनरेटरची धुराडी पॅडपासून लांब, वाटेच्या बाहेर.

५. रुग्णालयाच्या हेलिपॅडचीच खूण काढावी : पांढरा क्रॉस, त्यात लाल ‘एच’, आणि शेजारी किती टनांपर्यंत चालेल तो आकडा. कडेने हिरवे दिवे, दिवा लावलेला वाऱ्याचा मोजा. दिव्यांची केबल आताच टाकावी, मागाहून काँक्रीट फोडू नये.

६. विमानतळाचा नियंत्रण कक्ष, १०८ चा नियंत्रण कक्ष आणि रुग्णालयाचा अपघात विभाग यांच्यातील संपर्काची पद्धत एका पानावर लिहून तिन्ही ठिकाणी भिंतीवर लावावी. उजळाईवाडीच्या हवाई हद्दीत हेलिकॉप्टर येताना परवानगी कोण मागणार, हे रुग्ण हवेत असताना ठरवू नये.

७. अग्निशमन दलाच्या एका पथकाला आणि अपघात विभागाच्या दर पाळीतील दोन जणांना प्रशिक्षण : शेपटीकडून जायचे नाही, वैमानिकाने खूण केल्याशिवाय जायचे नाही, पाती थांबेपर्यंत चादर आणि गादी बाहेर काढायची नाही.

यांतील पहिल्या चार मागण्यांना मुदत आहे आणि ती आम्ही ठरवलेली नाही. वसतिगृहाच्या पायाचे खोदकाम सुरू झाले की पूर्वेची वाट गेली. त्याआधी समितीने एक बैठक हेलिपॅडसाठी घ्यावी, तीत हेलिकॉप्टर चालवणारा एक माणूस आणि एक भूलतज्ज्ञ बोलवावा. आम्हीही येऊ, मापे आणि आकडेमोड घेऊन, विनामूल्य.

उत्तर लेखी द्यावे ही विनंती. पत्र लिहायला सवड नसेल तर वर्तुळ खोडलेली, पूर्वेला चौकोन आखलेली नकाशाची नवी प्रत लोकांपुढे मांडली तरी आम्हाला ते उत्तर पुरेल.

आपले,
कोल्हापुरातील काही अभियंते, डॉक्टर आणि हवाई सेवेत काम केलेले नागरिक